स्वयंपाकिणीची जादू

खोली क्रमांक सात, खिडकीजवळची खाट
९ जून

मामा,

नमस्कार, आणि आधीच सांगते, अक्षरावर हसू नकोस. उजवं मनगट अजून पट्टीत आहे, हे सगळं डाव्या हाताने चाललंय. पुस्तकं बांधणाऱ्या बाईचं अक्षर कोंबडीचे पाय उमटल्यासारखं आहे हे आमच्या कारखान्यात कळलं, तर नोकरी राहील पण अब्रू जाईल.

ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. खेळ पुन्हा सुरू कर. मार्चमध्ये गाडी उलटली तेव्हापासून मी छत बघतेय. या दवाखान्यात येऊन महिना झाला. सकाळी व्यायामाच्या बाई येतात, त्यांचं नाव मी फौजदारीण ठेवलंय. त्या माझे पाय वाकवतात, मी ओरडते, त्या म्हणतात छान. त्यानंतर दिवसभर काही नाही. पंधरा वर्षं आपण पत्रातून खेळतोय आणि नेमका आत्ता, मला वेळच वेळ असताना, तू गप्प.

शिवाय एक गिऱ्हाईक मिळालंय. शेजारच्या खाटेवर एक निवृत्त हेडबाई आहेत, खुब्याचं हाड मोडलंय. मी त्यांना आपल्या खेळातल्या राज्याबद्दल, त्यातल्या पात्रांबद्दल सांगितलं. माझी जादूगारीण, आईची स्वयंपाकीण, तुझा तो कटकट्या म्हातारबा, सगळं. त्या ऐकून म्हणाल्या, ‘हे ठीक आहे, पण जादू चालते कशी? नियम काय? नियम नसेल तर तो खेळ नव्हे, गोंधळ आहे.’ मी सांगायला गेले आणि माझंच अडखळलं. तेव्हा सूत्रधार या नात्याने तू गूढविद्येचे नियम नीट लिहून पाठव. हेडबाई तपासणार आहेत.

आईचं काय? बाबा दर रविवारी इथल्या फोनवर तेच सांगतात. घशात नळी आहे, बोलता येत नाही, दोन्ही हात प्लास्टरमध्ये, प्रवास जमणार नाही. आपल्या घरातली सगळ्यात बोलकी बाई गप्प आणि घुमे बाबा तिच्या वाटचं बोलतायत, असे दिवस आलेत. तू दर शनिवारी तिच्याकडे जातोस म्हणे. तिला माझं पत्र वाचून दाखव. आणि तिची खेळी विचार. नेहमी माझ्या पत्राच्या तळाशी तीच लिहायची ना, यावेळी तू लिही.

तुझी,
मुंगळी


चष्म्याचं दुकान
१७ जून

मुंगळे,

तुझे कोंबडीचे पाय पोचले. दुकानातल्या सगळ्यात जाड भिंगातून वाचले आणि दोनदा वाचले. अक्षर तुझ्या नवव्या वर्षीच्या अक्षरापेक्षा बरं आहे, त्यामुळे काळजी नसावी.

हेडबाईंना माझा नमस्कार सांग. नियम पुढीलप्रमाणे. चुका काढल्या तर लाल शाईने काढाव्यात, मला सवय आहे.

आपल्या राज्यात जादू कुणी तयार करत नाही. भिंतीत ओल असावी तशी ती जमिनीत सगळीकडे आहे. जादूगार फक्त तिला वाट करून देतो. ही वाट त्याच्या स्वतःच्या आतून जाते, आणि ती उघडायची एकच तऱ्हा आहे. आजवर कुणालाही न सांगितलेली एक खरी गोष्ट मोठ्याने सांगायची. जेवढी ती गोष्ट सांगायला जड, तेवढी जादू मोठी. ‘मी शेजाऱ्याच्या झाडाचा पेरू चोरला’ एवढ्यावर काडी पेटते. दार उघडायला, नदी अडवायला जास्त लागतं. एक गोष्ट एकदाच चालते, कारण सांगून झाली की ती गुपित राहत नाही. ऐकणारं माणूस समोर हवं, भिंतीला सांगून उपयोग नाही. आणि ती खेळणाऱ्याच्या खऱ्या आयुष्यातली हवी, बनवलेली नको. मग वीस बाजूंचा फासा टाकायचा, जादू नीट लागू पडते की थोडी हुकते ते त्यावर. पण वाक्यच खोटं असेल, तर फाशावर वीस पडले तरी काही होत नाही.

हे मी कसं ठरवलं तेही हेडबाईंना सांग. माझ्या धंद्यात लोक रोज खोटं बोलतात. परवाच एका गृहस्थांनी तक्त्यावरची शेवटची ओळ घडाघडा म्हणून दाखवली. मी तक्ता मागच्याच महिन्यात बदलला होता, ते जुना पाठ केलेला म्हणत होते. दिसत नाही हे कबूल करायला माणसाला जे लागतं, ते जादूपेक्षा कमी नाही असं मला तेव्हाही वाटायचं. आणि तू नऊ वर्षांची असताना अशा काही थापा मारायचीस की ताईने माझ्याकडे तक्रार केली होती.

आता खेळ. तिघं मिठाच्या खाणीत उतरलेत. समोर दगडी दार, पलीकडे पाण्याचा आवाज. काळोख आहे.

शनिवारी ताईकडे गेलो होतो. तुझं पत्र वाचून दाखवलं. माझा अक्षरांचा तक्ता बरोबर नेला होता. मी एकेका अक्षरावर बोट ठेवत गेलो आणि हवं ते अक्षर आलं की तिने पापणी मिटायची, असं आम्ही जमवलं. अर्धा तास लागला. तिची खेळी अशी: स्वयंपाकीण मंत्र म्हणून दिवा लावते. त्यासाठी तिने दिलेली खरी गोष्ट, ‘धाकट्या भावाचा पहिला चष्मा मांजराने फोडला नव्हता, मी फोडला होता.’ फासा मी टाकला, चौदा. दिवा लागला. आणि मला चाळीस वर्षांनी न्याय मिळाला.

तुझा,
मामा


खोली क्रमांक सात
२७ जून

मामा,

नियम हेडबाईंनी तपासले. दहापैकी आठ. दोन गुण कापले, कारण खरं-खोटं सूत्रधाराला कसं कळतं ते तू लिहिलेलं नाहीस. मी म्हटलं, त्याला कळतं. त्या म्हणाल्या, असं कुणालाच कळत नाही, मी पस्तीस वर्षं शाळा चालवली आहे.

आईने जादू केली. मी ती ओळ वाचून बराच वेळ पुढे वाचलंच नाही. पंधरा वर्षांत ती एकदाही मंत्राला तयार झाली नव्हती. तू तिच्यापुढे राक्षस आणलेस, वणवा आणलास, तरी तळाशी तिचं ठरलेलं वाक्य यायचं, ‘मी माझ्या उलथन्याने बघून घेईन.’ तू एकदा चिडून लिहिलं होतंस की उलथन्याने वणवा विझत नाही. तर तिने उलटटपाली विचारलं होतं, तू कधी विझवून पाहिलायस का.

मी लहान असताना तिला विचारलं होतं, तू जादू का नाही करत. ती कणीक मळत होती. म्हणाली, ‘माझ्या पोटातलं माझ्या पोटात राहू दे. आया सगळं बोलत बसल्या तर घरं चालायची नाहीत.’ तुला हे कधी सांगितलं नव्हतं. आजारपणात माणूस बदलतो म्हणतात. बदलली असेल.

माझी खेळी. जादूगारीण दाराला कान लावते, पलीकडचं ऐकू येण्याचा मंत्र म्हणते. खरी गोष्ट: फौजदारीण विचारते दुखतंय का, तेव्हा मी नाही म्हणते. दुखत नाही म्हणून नव्हे. दुखावं असं वाटतं म्हणून. फासा हेडबाईंनी टाकला, सतरा.

दोन प्रश्न. एकाची खरी गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून सांगितली तर जादू चालते का? आणि मेलेल्या माणसाला परत आणणारा मंत्र आपल्या राज्यात आहे का? हेडबाई विचारत होत्या.

आणि एक काम. आईला सांग, मला कागदावर एक रेघ ओढून पाठव. बोटांत पेन्सिल धरून, वेडीवाकडी कशीही. प्लास्टरमधून बोटं बाहेर असतातच ना.

तुझी,
मुंगळी


चष्म्याचं दुकान
११ जुलै

मुंगळे,

उशीर झाला. दुकानात भिंग घासायचं यंत्र बंद पडलं होतं, कारागीर आज या उद्या या करत राहिला. कारणं पुष्कळ आहेत, तेव्हा रागावू नकोस.

प्रश्नांची उत्तरं. दुसऱ्याची गोष्ट उसनी घेऊन जादू चालत नाही. मेलेल्याबद्दल तू दहा वर्षांची असताना विचारलं होतंस, शाळेतल्या पिंजऱ्यातला ससा गेला तेव्हा. उत्तर द्यायला मला तीन आठवडे लागले होते. शेवटी लिहिलं होतं की असा मंत्र नाही, आणि कुणी आहे म्हणाला तर तो भोंदू. तू पुढची दोन पत्रं माझ्याशी बोलली नव्हतीस, फक्त फाशाचे आकडे पाठवलेस. नियम अजून तोच आहे. हेडबाईंना असले प्रश्न का पडतात? त्यांना म्हणावं, तुमचं फक्त हाड मोडलंय.

पलीकडे जादूगारिणीला पाणी चढत असल्याचं ऐकू येतं. दिवा घेऊन भिंतीतल्या फटीतून पुढे गेलेली स्वयंपाकीण पलीकडेच अडकली आहे. म्हातारबा दार उघडायचा मंत्र म्हणतो. त्याची खरी गोष्ट: मी तुम्हा सगळ्यांना सांगत आलो की दुकान वडिलांनी गळ्यात मारलं. खरं म्हणजे मी परीक्षेत नापास झालो होतो आणि निकालाचा कागद फाडून टाकला होता. फासा, सोळा. दार हललं, पण जेमतेम एक बोट उघडलं. गोष्ट हलकी पडली असणार.

ताईची रेघ सोबत आहे. तिला बरेच कष्ट पडले. जपून ठेव.

तुझा,
मामा


खोली क्रमांक सात
१८ जुलै

मामा,

रेघ मिळाली. डावीकडून उजवीकडे जाताना ती वर चढते. तुझी सहीसुद्धा तशीच चढते, पंधरा वर्षं बघत आलेय. पोटात एक आणि ओठात एक असं तुला कधी जमायचं नाही, आईचा भाऊ असून.

आता खेळ. फासा सोळा पडला, म्हणजे नशीब वाकडं नाही. दार एक बोट उघडलं, म्हणजे म्हातारबाने दिली त्याहून जड गोष्ट त्याच्यापाशी आहे आणि तो ती धरून बसलाय. आत पाणी चढतंय. जादूगारिणीला दार उघडता येत नाही, तिने आपली खेळी केलीय. आता पाळी त्याचीच.

म्हातारबाला म्हणावं, सांग. बाहेर सांगता येत नसेल तर खेळात सांग. मी ऐकायला आहे.

मुंगळी


१ ऑगस्ट

मुंगळे,

दुकानात फार गर्दी आहे, म्हणून एवढंच कार्ड. ताई आहे तशीच आहे. खेळ थोडे दिवस थांबवू, तुझ्या डोक्याला ताण नको असं डॉक्टरही म्हणतात. पाय नीट वाकव. खात जा.

मामा


खोली क्रमांक सात
६ ऑगस्ट

मामा,

तू थांबवलास, मी नाही. ही माझी खेळी आहे आणि ती तुला वाचावी लागेल.

आई गेली हे मला माहीत आहे. तुझं सतरा जूनचं पत्र आलं त्या दिवसापासून माहीत आहे. तुला अख्ख्या जगाला शेंडी लावता आली असती, पापण्यांचं, तक्त्याचं सगळं छान रचलं होतंस, मी अर्ध्या पानापर्यंत खूश होते. पण तू तिच्याकडून मंत्र म्हणवून घेतलास. तिने उलथनं उगारलं असं लिहिलं असतंस तर मी आजही तिच्यासाठी प्रश्न पाठवत बसले असते. तुला वाटलं असेल, पोरीला आनंद होईल, आईने एकदाची जादू केली. झाला असता रे.

मग मी पुढची पत्रं का लिहिली? रेघ का मागितली? कारण तू स्वतः ‘नाही’ लिहीपर्यंत ती आहे असं धरायला मला जागा होती. रेघ तुझी आहे हे दिसत होतं, तरी दोन दिवस मी तिच्यावरून बोट फिरवत होते.

आता माझी खरी गोष्ट. कुणाला सांगितलेली नाही. पोलिसांना नाही, बाबांना नाही, हेडबाईंनाही नाही.

त्या दिवशी निघताना तुझं पत्र आलं होतं. ते पिशवीत होतं आणि पिशवी मागच्या सीटवर. मी गाडी चालवत होते. मी म्हटलं, आई, मामाचं पत्र काढ ना, मोठ्याने वाच. ती म्हणाली, घरी जाऊन वाचू. थोडं पुढे गेल्यावर मी परत म्हटलं, ‘एवढं काय गं, हात लांब केला की येतं.’ हात लांब करून येत नव्हतं. तिने पट्टा काढला आणि मागे वळली. तेवढ्यात समोरून ट्रक आला आणि मी गाडी बाजूला घेतली. माझा पट्टा होता. तिचा मी काढायला लावला होता. खेळात पुढे काय होतं एवढं कळायला.

फासा टाकत नाही. या गोष्टीवर मला काही उघडायचं नाहीये. सांगितल्याशिवाय श्वास येत नव्हता, म्हणून सांगितलं. तुझी बहीण होती ती. तुला काय वाटायचं ते वाटू दे, पण उत्तर लिही.

मुंगळी


चष्म्याचं दुकान
९ ऑगस्ट

मुंगळे, माझ्या बाळा,

ताई चोवीस मार्चला गेली, दुपारी पावणेतीनला. मी तिथे होतो. तुझे बाबा डॉक्टरांना शोधायला खाली गेले होते. तू तेव्हा पलीकडच्या इमारतीत बेशुद्ध होतीस आणि पुढचे आठ दिवस होतीस.

घशात नळी कधीच नव्हती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, शुद्धीवर आल्यावर पहिले काही दिवस सांगू नका. ते काही दिवस कधी संपले ते आम्हाला कळलं नाही. तुझे बाबा दर रविवारी फोन करण्याआधी म्हणतात, आज सांगतो. फोन ठेवल्यावर ओट्यापाशी जाऊन उभे राहतात आणि मी विचारत नाही. तुला कळलंय हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. चष्मा मी फोडला होता, मीच, आणि मांजरावर घातला होता. ताईच्या तोंडी घालायला दुसरी गोष्ट सुचली नाही. रेघेसाठी नऊ कागद फाडले. दुकान उघडं होतं, गिऱ्हाईक समोर बसलं होतं आणि मी डाव्या हाताने रेघा ओढत होतो.

आता म्हातारबाची खरी गोष्ट, जी त्याने धरून ठेवली होती.

तेवीस तारखेला ताई तासभर शुद्धीवर होती आणि बोलत होती. पहिलं तुझं विचारलं. मी म्हटलं, पलीकडच्या खोलीत आहे, भूक लागली म्हणतेय. तिने डोळे मिटले, हसली असावी. मग मला जवळ बोलावून म्हणाली, ‘पट्टा माझा मी काढला. ती नको नको म्हणत होती, मलाच तुझं पत्र वाचायची घाई. तिला हे सांग. ती विचारणार नाही, तरी सांग.’

मुंगळे, हे वाक्य माझ्याकडे साडेचार महिने पडून होतं. ते तुझ्यासाठी होतं आणि ते द्यायचं तर ती गेली हे आधी सांगावं लागलं असतं, म्हणून दिलं नाही. तू छताकडे बघत काय उरावर घेऊन पडली होतीस हे मला काल कळलं. त्यावरचं औषध माझ्याकडे होतं आणि मी तुला नियम लिहून पाठवत होतो. मी स्वतःला फार शहाणा समजत आलो. लोकांना दिसत नाही ते मला दिसतं, असा माझा धंदा. मला माफ कर असं म्हणायचीही लाज वाटते.

तू म्हणतेस तसं झालं नव्हतं, बाळा. अपघातानंतर माणसाची आठवण उलटसुलट होते, डॉक्टर म्हणाले होते. ताई शुद्धीवर होती, तिला सगळं नीट आठवत होतं. तिचं खरं मान.

आणखी एक आहे. त्या पाकिटावर मी लाल शाईने लिहिलं होतं, ‘मिळताच उघडा, जीवनमरणाचा प्रश्न.’ खेळातला विनोद होता. दवाखान्याने ताईच्या वस्तू परत दिल्या त्यात ते पाकीट होतं. हे मीही कुणाला सांगितलेलं नाही. आता माझ्यापाशी काही उरलं नाही.

तुझा,
मामा


खोली क्रमांक सात
१८ ऑगस्ट

मामा,

पत्र वाचून चार दिवस मी कुणाशी बोलले नाही. फौजदारीण घाबरली, तिला वाटलं तिनेच काहीतरी मोडलं. हेडबाईंनी मात्र काही विचारलं नाही. माझ्या वाटची बिस्किटं खाऊन टाकली आणि माझ्याकडे पाठ करून पुस्तक वाचत राहिल्या, त्याचं मला बरं वाटलं.

आई खोटं बोलली, मामा.

माझी आठवण उलटसुलट झालेली नाही. तिने खिडकीची काच अर्धी खाली घेतली होती, तिच्या मांडीवर संत्र्याची सालं होती. मी दोनदा म्हटलं. ती ‘घरी जाऊन वाचू’ म्हणाली तेव्हा तिचा आवाज कसा होता तेही आठवतंय. तिने ऐकलं होतं, तिला सगळं नीट आठवत होतं, आणि तासाभराची शुद्ध होती तेवढ्यात तिने बसून हे रचलं. मी विचारणार नाही हेही तिला माहीत होतं. पंधरा वर्षं तिने आपल्याला एक खरी गोष्ट दिली नाही, आणि जाताना दिलं ते हे.

तुझ्या नियमाने या वाक्यावर काडीसुद्धा पेटायला नको. काही पेटलंय असं मी म्हणत नाही. तिचं मानलं तर मी सुटते, पण मग शेवटच्या दिवशी ती माझ्याबद्दल बोललीच नाही, ‘नको नको’ म्हणणाऱ्या कुणा दुसऱ्याच मुलीबद्दल बोलली. आणि नाही मानलं तर तिने एवढी धडपड केली ती वाया जाते. दोन्ही मला सहन होत नाही. मी दोन्हींच्या मधे पडून असते आणि ती नाहीये, तिला ‘कळलं हं आई मला’ असं म्हणताही येत नाही. म्हणून तुला सांगितलं. तू तिचं खरं मान. तुझी बहीण आहे, तुला शोभतं.

पाकिटावर काय लिहिलं होतं ते मी पाहिलंच नव्हतं. टपाल आईने घेतलं आणि पिशवीही तिनेच भरली. मी पत्र मागितलं ते मला नेहमीच घाई असते म्हणून. हे खेळात धरू नकोस, तपासूही नकोस. नुसतं घे.

खेळाचं विचारशील तर दार तसंच राहू दे. सध्या मला आत जायचं नाही.

काल बाबा आले होते. मी त्यांना लोखंडी दांड्यांना धरून चालून दाखवलं, अकरा पावलं. फौजदारीणसुद्धा टाळ्या वाजवत होती. मग मी खाटेवर बसले आणि ते स्टुलावर. खूप बारीक झालेत, आणि शर्टाचं बटण एक घर चुकून लावलेलं, सगळा शर्ट एका बाजूला ओढलेला. दोनदा त्यांनी घसा साफ केला. मला वाटलं, आता सांगतात. मी हात पुढे करून त्यांचा हात धरला, की सांगायला सोपं जाईल. ते स्वतःच्या बुटांकडे बघू लागले.

मग म्हणाले, ‘तुझी आई विचारत होती, किती चालते म्हणून.’

मी म्हटलं, ‘तिला सांगा, अकरा पावलं.’

ते म्हणाले, ‘सांगतो.’

मुंगळी